रंग पानात असतो, कपात शोधू नका

जांभळ्या चहावर नेहमीचा आक्षेप असा: पाणी जांभळे होत नाही, म्हणून माल खोटा. दुबईत तो हमखास ऐकू येतो, कारण इथल्या कॅफेंत लिंबू पिळताच निळ्याचे जांभळे होणारे पेय मिळते. ते गोकर्णाच्या फुलांचे. त्यात चहाचे पान नसते, कॅफीनही नसते. त्या कपावरून खऱ्या जांभळ्या चहाची परीक्षा करणे म्हणजे सरळ अन्याय.

खरा जांभळा चहा 'कॅमेलिया सायनेन्सिस'चाच, म्हणजे रोजच्या चहाच्याच जातीचा. केनियाच्या चहा संशोधन संस्थेने सुमारे २५ वर्षांच्या निवडीनंतर २०११ मध्ये 'टीआरएफके ३०६/१' हा वाण दिला. चीनच्या युनानमध्ये 'झिज्वान' आहे. कोवळ्या पानाच्या पेशींत अँथोसायनिन साठते. आमसुलाला लाली देणारी रंगद्रव्ये याच कुळातली. विषुववृत्ताजवळच्या उंच मळ्यांतल्या प्रखर उन्हापासून, अतिनील किरणांपासून, अँथोसायनिन पानाला वाचवते. अँथोसायनिन आणि चहाला तुरटपणा देणारी कॅटेचिने पान एकाच रासायनिक वाटेवर घडवते. शेवटच्या टप्प्यांवर फाटे फुटतात. म्हणजे हा रंग बाहेरून लावलेला नाही, तो झाडाने स्वतः घडवलेला आहे.

मग तो कपात का उतरत नाही? पान काळ्या चहासारखे आंबवले, तर विकरे कॅटेचिनांचे तांबूस द्रव्यांत रूपांतर करतात आणि अँथोसायनिनही बरेचसे मोडते. न आंबवता वाफवून वाळवले तर ते अधिक टिकते. तरीही पेय फिकट, फार तर जांभळट झाक असलेले. इथले नळाचे पाणी समुद्राचे क्षार काढून पुन्हा खनिजे मिसळलेले, सहसा किंचित अल्कधर्मी. त्यात ही झाक आणखी मंदावते. लिंबाचे चार थेंब टाका, गुलाबी छटा दिसेल. अँथोसायनिनचा हा स्वभावच आहे.

दुसऱ्या टोकाचे लोक या चहाला औषध म्हणतात. तेही मला मान्य नाही. बरेचसे पुरावे प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे आहेत, माणसांवरचे प्रयोग थोडे आणि छोटे. शिवाय अँथोसायनिन शरीरात फार कमी शोषले जाते. आणि कॅफीन यातही असतेच. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी हे विसरू नये.

याचा करक, म्हणजे दूध, वेलची आणि साखर घालून उकळलेला इथला कडक चहा, मात्र करू नये. दुधातले केसीन पॉलिफेनॉलांना धरून ठेवते, वेलची-साखर उरलेली चव झाकते, आणि जास्तीचे मोजलेले दिरहम वाया जातात. करकला कडक सीटीसीच, म्हणजे यंत्रात चुरून दाणेदार केलेला काळा चहाच हवा.

अमिरातीत चहाचे मळे नाहीत. तरी २००५ पासून दुबईतल्या जबल अलीत डीएमसीसीचे (दुबई मल्टी कमोडिटीज सेंटरचे) चहा केंद्र आहे, तिथे देशोदेशींचा चहा साठवून, चाखून, मिसळून पुढे जातो. चहाच्या अशा पेठेत राहणाऱ्या ग्राहकाने नेमके विचारावे: पुड्यावर वनस्पतीचे नाव, देश आणि प्रक्रिया लिहिली आहे का? नसेल तर पुडा परत ठेवा.