पथ्य त्याचं, राबणं माझं

नवऱ्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पिष्टमय पदार्थ कमी करायला सांगितलं, लेकीने वॉफलचं यंत्र आणलं. तेव्हापासून रोज सकाळी मी धान्याशिवायची वॉफल्स करते: दोन अंडी, अर्धी वाटी किसलेलं चीज, तीन चमचे बदामाचं पीठ, चिमूटभर बेकिंग पावडर. तापल्या साच्यात चार-पाच मिनिटं. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. बदामात २०-२२, त्यातही निम्म्याहून जास्त चोथा. पथ्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. त्याची वॉफल्स, सासूबाईंचा मऊ भात, मुलांच्या पोळ्या उरकून, साच्याच्या खाचांतलं चीज घासून मी उरलीसुरली शिळी भाकरी खाते. बदाम महाग, म्हणून ते माझ्या ताटात येत नाहीत. माझी साखर तपासावी असं कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा!

गेल्या आठवड्यात तपासली. वाढलेलीच निघाली. आता साचा त्याच्या हाती दिलाय, वॉफल्स दोघांसाठी होतात. अंडं फोडायला पन्नाशीतही शिकता येतं.

मैत्रिणींनो, पथ्य कोणाचं हे आपण विचारतो. रांधतं कोण आणि रांधणारी काय खाते, हेही विचारू या.