मोटर जळण्याआधीचा खर्च

करकंबच्या साखर कारखान्यातली मोटर असो वा उसाच्या शेतातल्या विहिरीवरची, ती जळाली की लक्ष जाते. त्याआधी खर्च करायला हात आखडतो. हा हिशेब उलटा आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोटरची किंमत तिच्या वीजबिलापुढे किरकोळ ठरते आणि ऐन गाळपात ती बंद पडली, तर तोडलेला ऊस ताटकळतो, साखरेचा उतारा घटतो. बिघाड मात्र सहसा अचानक होत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की वाइंडिंगच्या इन्सुलेशनचे आयुष्य जवळपास निम्मे होते. बगॅसची धूळ कूलिंगच्या वाटा बुजवते, तर पावसाळ्यात बंद मोटरमध्ये ओल शिरते. म्हणून हंगामापूर्वी मेगरने इन्सुलेशनची तपासणी आणि हंगामात बेअरिंगचा आवाज, कंप, तापमान व तिन्ही फेजच्या करंटची नोंद हवीच.

‘दोष विजेचा, आम्ही काय करणार?’ हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कमी किंवा असमान व्होल्टेज मोटरला तापवते, पुरवठाच तसा असेल तर जबाबदारी वीज कंपनीचीच. पण एक फेज गेल्यावर मोटर थांबवणारा प्रिव्हेंटर आणि योग्य क्षमतेचा ओव्हरलोड रिले बसवणे आपल्या हाती आहे. जळालेल्या मोटरचे रिवायंडिंग नव्या मोटरपेक्षा स्वस्त पडते, हेही खरे. मात्र निकृष्ट कामाने कार्यक्षमता घटते आणि तो तोटा दरमहा बिलातून भरावा लागतो. कारखान्यांनी देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी आणि प्रत्येक मोटरची नोंदवही सभासदांना पाहता यावी.