आठ्या कोणाच्या कपाळावर?

कपाळावरच्या आठ्या सुईने घालविण्याचा धंदा आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. त्या शहरातल्या त्वचेच्या दवाखान्यांतही ‘बोटॉक्स’ हा शब्द रुळला आहे. भुवयांमधल्या दोन उभ्या रेषांमुळे माणूस रागीट दिसतो, त्या घालवा, मुलाखतीत पहिली छाप चांगली पडेल, असे या सुईचे गुणगान केले जाते. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या आमच्या मुलामुलींनी यासाठी उसनवारी करू नये, म्हणून हा विषय आम्ही हाती घेत आहोत.

ही सुई म्हणजे एका जंतूचे विष आहे. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेले तर माणूस दगावू शकतो. अत्यंत सूक्ष्म प्रमाणात टोचले की नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवते. स्नायू आकसत नाही, आठी पडत नाही. तिरळेपणावरचे औषध म्हणून अमेरिकेने त्याला १९८९ साली मान्यता दिली. कपाळाच्या आठ्यांसाठी परवानगी आली ती २००२ साली. परिणाम टिकतो तीन-चार महिने. पुढे पुन्हा सुई, पुन्हा पैसे. चुकीच्या जागी गेली तर पापणी खाली लोंबते. तेव्हा ब्युटी पार्लरमध्ये कोणाच्याही हातून ती टोचून घेणे हा शुद्ध अडाणीपणा होय.

आता पहिल्या छापेविषयी. सुईआधीचे आणि नंतरचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून अमेरिकेत अभ्यास झाला. नंतरचे चेहरे लोकांना अधिक आकर्षक वाटले. वाटोत बापडे! पण या देशात चेहरा दिसण्याआधी आडनाव दिसते, त्याचे काय? डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांत होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची संधी सुमारे एक तृतीयांशाने कमी भरली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या अर्जांवर कपाळ नव्हते, आठ्याही नव्हत्या. कोणती सुई टोचायची होती त्या उमेदवारांनी?

आणि याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्ड्याला, २०१४ साली आमच्या सतरा वर्षांच्या पोराचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. खटल्यातले आरोपी २०१७ साली निर्दोष सुटले. त्या पोराचा चेहरा कोणी पाहिला होता? पाहिली गेली ती जात.

नीटनेटके दिसण्याला चळवळीने कधीच नाके मुरडली नाहीत. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी आमच्या आयाबायांना पायघोळ लुगडी नेसायला आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून द्यायला सांगितले. स्वतः त्यांनी सुटाबुटातच सभा गाजविल्या. मात्र महाडला टाकायच्या होत्या त्या दुसऱ्यांनी लादलेल्या खुणा. उन्हात ऊस तोडताना, डोळे बारीक करून रस्त्याची खडी फोडताना आमच्या आईबापांच्या कपाळावर उमटलेल्या रेषा त्या जातीच्या नाहीत. त्यांची लाज आम्ही का बाळगावी? आमची पोरे पाणवठ्यावर, शाळेत, कचेरीत आली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, सुईची गरज असलीच तर त्यांना आहे. दुर्दैवाने त्या आठीचे मूळ स्नायूत नाही.

स्वतःच्या कमाईतून, समजून उमजून कोणी ही सुई घेत असेल तर आमचा आक्षेप नाही. आमचे म्हणणे वेगळेच आहे. जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलांचे ताठरलेले हातपाय सैल करण्यासाठी, मान वाकडी होण्याच्या आजारावर, जुनाट अर्धशिशीवर हेच औषध डॉक्टर वापरतात. व्यायामाची जोड मिळाली तर अशा मुलाला चालणे सोपे जाते. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड कामगाराने आपले असे लेकरू घेऊन कुठे जायचे? जिल्हा रुग्णालयात हे औषध, ते टोचणारा तज्ज्ञ आणि पुढचा व्यायाम मोफत मिळाला पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी करावी. आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर रखडलेल्या पोरांसाठी खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा प्रश्न येत्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवारांना जाहीर सभेत विचारावा. उत्तर देताना कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात, तेही टिपून ठेवावे.