गुण आहेत, वाट कोण दाखवणार?

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात ‘इस्रो’च्या अग्निबाणांचे भाग घडतात. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अ‍ॅन्टेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. पुणे शहरात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली ‘आयुका’ आहे. असे असताना बारामती-इंदापूरच्या विज्ञान पदवीधराला खगोलभौतिकीतील संशोधनाची वाट परकी का वाटावी? बुद्धीचा दुष्काळ आहे म्हणून? मुळीच नव्हे! दुष्काळ आहे तो वेळेवरच्या मार्गदर्शनाचा.

जूनमध्ये निकाल लागावा, गुणपत्रिका हाती यावी आणि मग पुढचा विचार करावा, ही आपली रीत. तोवर दारे मिटलेली असतात. आय.आय.टी.तील एम.एस्सी.साठीच्या ‘जॅम’चे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरावे लागतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. संशोधन संस्थांच्या प्रवेशाची ‘जेस्ट’ परीक्षाही महाविद्यालयीन निकालासाठी थांबत नाही. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास संपते. म्हणजे जो विद्यार्थी द्वितीय वर्षातच जागा झाला नाही, तो स्पर्धेत हरत नाही. तो स्पर्धेत उतरतच नाही.

दुसरा अडसर शिफारसपत्राचा. आपल्याकडे शिफारस म्हटली की वशिला आठवतो. विज्ञानाच्या जगात मात्र शिफारसपत्र ही साक्ष असते : हा विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारतो का, चुकलेले गणित पुन्हा मांडतो का, याची. परदेशी अर्जासोबत सहसा अशी तीन पत्रे लागतात. ज्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला केवळ हजेरीपटावर पाहिले, तो कसली साक्ष देणार?

‘साधने कुठे आहेत?’ ही सबबही आता टिकत नाही. खोडदच्या दुर्बिणीने टिपलेल्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांना खुल्या होतात. इंदापुरातील संगणकावर त्यांचा अभ्यास करण्यास कोणाची आडकाठी आहे? हवा तो हाताशी धरून शिकवणारा शिक्षक.

‘तारे मोजून पोट भरते काय?’ असे विचारणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, २०२३ सालच्या सुधारणेनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली आहे.

म्हणून या दोन्ही तालुक्यांतील विज्ञान महाविद्यालयांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. द्वितीय वर्षाच्या आरंभीच प्रवेशपरीक्षांचे वेळापत्रक फलकावर लागले पाहिजे. होतकरू विद्यार्थ्यांना वर्षभराचा एक तरी प्रकल्प मिळाला पाहिजे. परीक्षा इंग्रजीत असली, तरी भौतिकीच्या संकल्पना आधी मराठीतून पक्क्या झाल्या पाहिजेत. यासाठी सरकारी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

डॉ. नारळीकर १९७२ साली केंब्रिजची प्रतिष्ठा सोडून मायदेशी परतले आणि मातृभाषेत विज्ञान लिहीत राहिले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. सभागृहांना त्यांचे नाव देणे सोपे आहे. ग्रामीण भागातील एका मुलीचा अर्ज वेळेत आणि भक्कम साक्षीसह ‘आयुका’च्या दारी पोहोचवणे अवघड आहे. समाजाने या अवघड कामाला आता हात घालावा!