मोफत सल्ल्याची किंमत

चेन्नईच्या नुंगमबाक्कम, टी. नगर आणि अण्णा सलाई भागांत परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कचेऱ्यांच्या पाट्या जिन्याजिन्यावर लटकलेल्या दिसतात. पुण्या-मुंबईतही वेगळे चित्र नाही. आश्वासन सगळीकडे एकच: सल्ला मोफत. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतला फिटर असो की आपल्या आर. एम. एस. मधला सॉर्टर असो, पोराच्या गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन तो हा जिना चढतो आणि समोर बसलेला टायवाला आपला हितचिंतक आहे असे समजतो.

तो हितचिंतक नसतो, तो विद्यापीठाचा माणूस असतो. मुलाने प्रवेश घेऊन फी भरली की पहिल्या वर्षाच्या फीतला काही हिस्सा, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास, विद्यापीठ त्याला कमिशन म्हणून देते. जे विद्यापीठ कमिशन देत नाही त्याचे नाव त्याच्या तोंडी सहसा येत नाही. म्हणजे मोफत सल्ल्याचे पैसे आपल्याच फीतून जातात. फक्त ते कोणाला आणि किती, हे आपल्याला सांगितले जात नाही.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. सरकारी शिक्षण-साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थी भरती करणाऱ्याला डोईमागे कमिशन देऊ नये, असे बंधन 1992 साली तिथल्या उच्च शिक्षण कायद्यात घातले गेले. कारण उघड होते. कमिशनच्या लोभाने दलाल गरीब मुलांना नको त्या अभ्यासक्रमात ढकलत होते. पण त्याच कलमात एक अपवाद ठेवला आहे: सरकारी साहाय्याला पात्र नसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची परदेशात भरती करताना कमिशन चालेल. स्वतःच्या पोरांच्या बाबतीत जे अनीतीचे ठरले, ते आपल्या पोरांच्या बाबतीत व्यवहार म्हणून खपते! 1995 पासून जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा करारात शिक्षण ही व्यापारयोग्य सेवा म्हणून नोंदली गेली, तेव्हा कामगार चळवळीने जो धोका सांगितला होता तो हाच.

मद्रास शहराला ही गोष्ट नवी नाही. 1860 साली याच बंदरातून ट्रुरो नावाचे जहाज गिरमिटिया मजूर घेऊन नाताळच्या उसाच्या मळ्यांकडे निघाले. मजूर गोळा करणाऱ्याला तेव्हाही डोईमागेच पैसे मिळत. आजच्या विद्यार्थ्याला गिरमिटिया म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तो स्वखुशीने, विमानाने, पदवीसाठी जातो. पण भरती करणाऱ्याचे पोट माणसाच्या हितावर न चालता माणसांच्या संख्येवर चालते, ही रचना तीच आहे.

मजुरांच्या बाबतीत निदान कायदा तरी झाला. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने आखातात गवंडी, सुतार पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, बँक हमी ठेवावी लागते, आणि मजुराकडून तीस हजार रुपये व त्यावरील करापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. देखरेखीसाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय चेन्नईतही आहे. या कायद्याची अंमलबजावणी किती ढिली आहे हे आम्ही जाणतो, पण दाद मागायला दार तरी आहे. विद्यार्थी पाठवणारा एजंट मात्र या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

याचा परिणाम 2023 साली सर्वांनी पाहिला. कॅनडात काही वर्षे राहिलेल्या, शिकून नोकरीला लागलेल्या भारतीय मुलांना, त्यांतही बहुतेक पंजाबी मुलांना, हद्दपारीच्या नोटिसा आल्या. जालंधरच्या एका एजंटाने दिलेली त्यांची प्रवेशपत्रे बनावट निघाली होती. मुले टोरांटोजवळ रस्त्यावर धरणे धरून बसली, तेव्हा कॅनडा सरकारने हद्दपारी थांबवून एकेक प्रकरण तपासायचे ठरवले. त्या एजंटाला 2024 साली कॅनडाच्या न्यायालयात तीन वर्षांची शिक्षा झाली. पंजाबात 2012 पासून अशा एजंटांना परवाना घेण्याची सक्ती करणारा कायदा आहे, तरीही हे घडले, हेही ध्यानात ठेवावे. त्याआधी जानेवारी 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली, तेव्हा फसलेल्यांतल्या काही आंध्रच्या मुलांच्या पायांना रेडिओ पट्टे बांधले गेले. विद्यापीठ काढणारीला 2014 साली सोळा वर्षांहून अधिक कैद झाली खरी, पण मुलांच्या आईबापांचे पैसे गेले ते गेलेच.

धंद्यातले लोक म्हणतात, आमची आचारसंहिता आहे. आहे, नाही असे नाही. ऑस्ट्रेलियासाठी काम करणाऱ्या भारतीय एजंटांची संघटना 1996 साली निघाली. 2012 साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड व न्यूझीलंड यांनी एजंटांसाठी नीतितत्त्वे जाहीर केली. पण संहिता मोडणाऱ्याचे काय? फार तर सभासदत्व जाईल, आणि नवी पाटी लावायला एक दिवस पुरतो. आपल्या टपाल काउंटरवर हिशेबात शंभर रुपये कमी भरले तर कारकुनाला ते खिशातून भरावे लागतात आणि वर रूल 16 चा कागद हातात पडतो. रेल्वेत एस. एफ. 11 काय आणि एस. एफ. 5 काय, वाचकांना आम्ही सांगायला नको. शंभर रुपयांना जबाबदारी आहे, वीस लाखांना नाही.

आणि हे वीस लाख येतात कुठून? जुन्या कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतून. 2017 च्या दुरुस्तीनंतर दहा वर्षे सेवा झालेल्याला शिक्षणासाठी बारा महिन्यांचा पगार किंवा जमेचा तीन चतुर्थांश, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढता येते. 1 जानेवारी 2004 पूर्वी लागलेल्यांनाच हा निधी आहे, म्हणजे काढणारा निवृत्तीकडे झुकलेला असतो आणि गेलेली रक्कम पुन्हा साठवायला त्याला वर्षे उरलेली नसतात. नंतर लागलेल्यांना नव्या पेन्शन योजनेत स्वतःच्या वर्गणीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच हात घालता येतो. मग उरते बँक, आणि गावाकडचे घर तारण.

मुलांनी परदेशी जाऊ नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गँगमनची मुलगी मेलबर्नला शिकते याचा आम्हाला अभिमानच वाटेल. आमची मागणी एवढीच की विद्यार्थी पाठवणारा एजंट उत्प्रवासन कायद्यासारख्या नोंदणीखाली यावा, त्याने बँक हमी ठेवावी, आणि कोणत्या विद्यापीठाकडून किती कमिशन मिळते हे पालकाला लेखी द्यावे. ऑस्ट्रेलियात महाविद्यालय बंद पडले तर विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा फीचा परतावा देणारी व्यवस्था 2012 पासून आहे. ज्या देशात ती नाही, तिथल्या संस्थांनी आपल्याकडे जाहिराती कराव्यात का, हेही परराष्ट्र मंत्रालयाने ठरवावे. मद्रास लेबर युनियन 1918 साली जिथे उभी राहिली त्या शहरात हा ठराव पहिल्यांदा मांडला जावा, असे आम्हाला वाटते.

तोवर शाखा सचिवांना एक विनंती. सभासद निधी काढण्याचा अर्ज घेऊन आला की प्रवेशपत्र कोणी दिले ते विचारा. विद्यापीठाचा पत्ता त्याच्या स्वतःच्या अधिकृत यादीतून काढून थेट तिथे चौकशी करायला लावा. एजंटाने दिलेल्या पत्त्यावर नको. कॅनडा सरकारनेही 1 डिसेंबर 2023 पासून प्रत्येक प्रवेशपत्र महाविद्यालयाकडूनच पडताळून घ्यायला सुरुवात केली आहे.