सूज कोणत्या पायावर, हे कुणी विचारणार की नाही?

संपादक महोदय,

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला पायांच्या सुजेवरचा लेख वाचला आणि अक्षरशः संताप आला. मीठ कमी करा, रात्री पायाखाली उशी घ्या, फार वेळ उभे राहू नका, कोमट तेलाने चोळा. एवढ्या पानभर मजकुरात लेखकाने सूज एका पायावर आहे की दोन्ही, हे कुठेही विचारलेले नाही.

दोन्ही पाय सारखे सुजले तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, झालेच तर रक्तदाबाची गोळी, असा विचार होतो. तिथे मीठ खुशाल कमी करा. पण मीठ काही डावा-उजवा बघून पायात उतरत नाही. एकच पाय एक-दोन दिवसांत मांडीपर्यंत सुजला, जड झाला, त्याचा रंग पालटला, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आधी घ्यावी आणि त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. अशा पायाला चोळायचे तर मुळीच नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो.

त्यातही तो पाय डावा असेल तर शोध पायातच थांबवून चालत नाही. बेंबीच्या पातळीवर महाधमनीच्या दोन शाखा होतात. त्यातली उजवी शाखा डाव्या पायाकडून येणाऱ्या मोठ्या शिरेवरून आडवी जाते. शिरेच्या मागे पाठीचा मणका आणि पुढे ही ठोके देणारी धमनी, त्यामुळे शीर मधल्यामध्ये चेपते. वर्षानुवर्षे ठोके बसून तिचे आतले अस्तर जाड होते, आत पडदे धरतात आणि रक्त तुंबते. न्हाणीत पाणी तुंबले की प्लंबरसुद्धा आधी बाहेरचे चेंबर उघडून बघतो. आम्ही मात्र पायाला क्रेप बँडेज गुंडाळून मोकळे होतो.

हे काही कालपरवाचे संशोधन नाही. अशा गुठळ्या डाव्या पायात जास्त होतात, हे रुडॉल्फ विर्शो यांनी 1851 मध्येच नोंदवले होते. पुढे 1957 मध्ये मे आणि थर्नर या डॉक्टरांनी 430 मृतदेह तपासले आणि 22 टक्क्यांमध्ये त्या शिरेत असे पडदे आढळल्याचे मांडले. त्यांच्याच नावाने हा विकार मे-थर्नर सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. बावीस टक्के! म्हणजे जवळजवळ पाचातला एक. जी गोष्ट इतकी सर्रास सापडते तिच्यासाठी तुमच्या पुरवणीत एक ओळ नसावी?

सगळ्यांनाच त्रास होत नाही, हे मला ठाऊक आहे. पोटाच्या दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन केलेल्या धडधाकट माणसांतही ही शीर निम्म्याहून अधिक चेपलेली दिसते, आणि नुसते चेपलेले दिसले म्हणून कुणी स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी, घालायला धावू नये. पण चेपलेल्या शिरेला दुसरे निमित्त मिळाले की बिघडते. गरोदरपण, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण, लांबचा प्रवास. गरोदरपणातल्या गुठळ्या बहुतांशी डाव्याच पायात होतात. हा विकार विशी ते चाळिशीतल्या बायकांत अधिक आढळतो, आणि नेमक्या त्यांच्याच सुजेला आपल्याकडे कुणी विचारत नाही.

माझ्या भाचीचेच सांगते. बाळंत होऊन आठवडा झाला असेल. डाव्या पायाचे जोडवे निघेना, उजव्याचे आपोआप गळून पडत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी निदान केले, वारा लागला. मालिशवाली बाई रोज पिंडरी ते मांडी दाबून तेल जिरवायची, वरून शेगडीचा शेक. दवाखान्यात नेले तर डॉक्टरांनी साडी घोट्याच्या वरही सरकवायला न सांगता, बाळंतपणात होतेच, म्हणून परत पाठवले. आणखी कुणी हत्तीपायाची शंका काढली. विदर्भात हत्तीरोग आहे, शंका अगदीच वावगी नाही. पण हत्तीपाय हळूहळू चढतो, दोन रात्रींत मांडी टम्म होत नाही.

शेवटी डॉपलर झाले, त्यात मांडीच्या शिरेत गुठळी दिसली, आणि तपासणी जांघेपाशी संपली. बहुतेकदा ती तिथेच संपते, कारण ओटीपोटातली शीर खोल असते आणि आतड्यातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी लागते. आमच्याकडे ती सुचवली दुसऱ्या गावच्या तरुण डॉक्टरने, तीही आम्ही पिच्छा पुरवल्यावर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गुठळी वाढू देत नाहीत, पण शिरेवरचा धमनीचा दाब काही त्या उचलत नाहीत. उशीर झाला तर पाय कायमचा जड राहतो, कातडी काळवंडते, घोट्याजवळ जखमा होतात. खोल शिरेत गुठळी झालेल्या 20 ते 50 टक्के रुग्णांना पुढे असा कमी-अधिक त्रास होतो, आणि हा आकडाही तुमच्या लेखात नाही.

आता भाचीच्या त्या चेपलेल्या शिरेत घालावा लागलेल्या स्टेंटचे. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा घातली, त्याचा केवढा गाजावाजा झाला! ती मर्यादा फक्त हृदयाच्या स्टेंटला आहे. ओटीपोटातल्या शिरेत घालायचा स्टेंट तिच्यात बसत नाही. आमच्या बिलावर 'इम्प्लांट' एवढाच शब्द आणि समोर पाच शून्यांचा आकडा होता. कोणत्या कंपनीचा, मूळ किंमत काय, हे विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने, मॅडम, हे पॅकेजमध्ये येते, असे उत्तर दिले. बाळंतिणीच्या पायातली शीर काय चैनीची वस्तू आहे? निवडून दिलेल्यांपैकी कुणी हा प्रश्न दिल्लीत विचारला असेल तर त्यांनी तुमच्याच पत्रातून उत्तर द्यावे. बिलाची प्रत मी जपून ठेवली आहे.

— एक वाचक, वर्धा