कुलपात बसते, पण फिरत नाही

एका भगिनीचे पत्र आले आहे. मालक रोज सकाळी दारू सोडण्याची शपथ घेतात आणि दिवेलागणीला पुन्हा गुत्त्यावर जातात. ‘चहातून गुपचूप देता येईल असे औषध सांगा,’ असे ती लिहिते. अशी पत्रे आम्हाला नवीन नाहीत.

औषध आहे. पण आधी ते काय करते, हे समजून घ्यावे.

दारू पोटात गेली की मेंदूत एन्डॉर्फिन नावाचे द्रव्य सुटते. गुणाने ते अफूसारखे, पण शरीरानेच तयार केलेले. मज्जापेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. डॉक्टर त्यांना रिसेप्टर म्हणतात, आपण कुलूप म्हणू. एन्डॉर्फिनची किल्ली तिथे फिरली की डोपामिन सोडणाऱ्या पेशींवरचा ब्रेक सैल होतो आणि मेंदू नोंद करतो, ‘बरे वाटले, पुन्हा घे.’ ही नोंद वर्षानुवर्षे पक्की होत जाते. सकाळच्या शपथेचे संध्याकाळी काय होते, ते यावरून कळावे. त्या माणसाला नुसते नालायक म्हणून भागत नाही.

नालट्रेक्झोन हे औषध त्याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. खरी किल्ली बाहेरच राहते. माणूस प्यायला तर झोक जातोच, मात्र पहिल्या घोटाची गोडी उतरते आणि एक पेला दुसऱ्याला बोलावीत नाही. फिलाडेल्फियात ७० पुरुषांवर १२ आठवडे केलेला प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुन्हा व्यसनात पडले, खरी घेणाऱ्यांपैकी चौथाईहून कमी. १९९४ मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढच्या प्रयोगांत गुण इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता चहाचे. गुपचूप घातली जाते ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. तिचा या कुलपाशी संबंध नाही. ती यकृतातले दारू पचवण्याचे काम मध्येच अडवते. वर दारू पडली की उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. नालट्रेक्झोनही चोरून देऊ नये. माणूस गर्द किंवा अफूच्या जातीचे वेदनाशामक घेत असेल, तर एकाएकी भयंकर तगमग सुरू होते. यकृताची तपासणीही आधी लागते. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली तर फिटही येते, म्हणून सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात दोघांनी मिळून जावे.

भगिनीने हा मजकूर मालकांना सकाळी, ते शुद्धीवर असताना वाचून दाखवावा.